यीस्टला जमते, आपल्याला जमत नाही

लेखमाला : जनुकांची ओळख – भाग ६

गेल्या आठवड्यात एखादे जनुक बिघडले की पेशीचे काय अडते ते पाहिले. आज अशा जनुकाची गोष्ट, जे आपल्यात मुळातच नाही. त्याचे नाव फोल-१. पाव फुगवणाऱ्या आणि दारू आंबवणाऱ्या यीस्टच्या चौदाव्या गुणसूत्रावर ते बसलेले असते.

या जनुकाचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी त्याची करामत मुंबईत दिसली होती. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला आल्या. काम परळच्या हाफकिन संस्थेत. सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी मोजक्याच दिसत, पण असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडले तर पेशी उलट लहान आणि फिक्या होतात. तेव्हा हे दुखणे निराळे होते. विल्स आणि एस. एन. तळपदे यांनी मुंबईतल्या स्त्रियांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली. रोग जंतूंचा नाही, ताटातल्या उणिवेचा आहे, असा विल्स यांचा कयास झाला. मग त्यांनी रुग्णांना मार्माइट दिले. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा हा काळपट, खारट अर्क. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झाले. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे आजचे फोलेट. फोलिक आम्ल हे नाव त्याला १९४१ साली अमेरिकेत, पालकाच्या पानांवर काम करताना मिळाले.

यीस्टमध्ये फोलेट आले कुठून? ते यीस्ट स्वतः बनवते. फोलेटच्या रेणूचे तीन तुकडे असतात : टेरिन, पाबा आणि ग्लुटामेट. फोल-२ जनुकाचे विकर टेरिनची सुरुवात करून देते. पुढच्या तीन पायऱ्या फोल-१ कडे. ते टेरिनची जादा शेपटी छाटते, उरलेल्या भागाला फॉस्फेटची जोडी लावून त्याला जोडणीसाठी तयार करते आणि मग त्यावर पाबा बसवते. शेवटी फोल-३ ग्लुटामेट जोडते. ई. कोलाय या जीवाणूत मधल्या तीन कामांना तीन वेगळी विकरे लागतात. यीस्टमध्ये एकच प्रथिन तिन्ही उरकते. एकाच सुताराने कापावे, रंधावे आणि सांधाही जोडावा, तसे.

हे जनुक काढून टाकले तर यीस्ट वाढत नाही. फोलिनिक आम्ल, म्हणजे फोलेटचेच एक रूप, आयते पुरवले तरच ते तगते, आणि तो पुरवठा आखडला की गोल पेशी लांबट होऊन एकमेकींना चिकटून माळेसारख्या वाढतात. कारण उघड आहे. फोलेटविना डीएनएचा एक घटक, थायमिडीन, पुरेसा तयार होत नाही. आपल्या अस्थिमज्जेतही हेच होते. पेशी वाढते, पण तिला वेळेवर दुभंगता येत नाही. परळमध्ये दिसलेल्या मोठ्या पेशींचे गमक हेच.

माणसात फोल-१ नाही. त्याचा तोटा तसा फायदाही. सल्फा औषधे पाबाचे सोंग घेऊन जीवाणूंची ही जोडणी बंद पाडतात. कुष्ठरोगावरचे डॅप्सोनही तिथेच घाव घालते. आपल्यात ही पायरीच नसल्याने तो घाव आपल्याला लागत नाही.

तोटा मात्र ताटातून भरून काढावा लागतो. वनस्पतींकडेही फोलेट बनवणारी जनुके आहेत. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावांच्या काळ्या रानात हरभरा फुलावर येण्याआधी शेंडे खुडतात. त्याने फांद्या फुटतात आणि घरी भाजीही येते. तिचा घोळाणा करतात : कोवळी कच्ची पाने, कांदा, शेंगदाण्याचे कूट, मीठ-तिखट आणि वर तेल. फोलेट उष्णतेने नासते, उकळत्या पाण्यात उतरते, उजेडातही टिकत नाही. म्हणून तीच भाजी शिजवून पाणी ओतून दिले, किंवा उन्हात वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवली, तर चव राहते, फोलेट बरेचसे जाते. घोळाण्यात ते राहते. फक्त नुकतीच फवारणी झालेल्या रानातली पाने कच्ची खाऊ नयेत.

गरोदरपणात मात्र नुसत्या भाजीवर भागत नाही. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर अवघ्या २८ दिवसांत मिटते, आणि ती नीट मिटायला फोलेट लागते. पुष्कळदा तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असेल तर फोलिक आम्लाची गोळी आधीपासूनच, डॉक्टरांना विचारून घ्यावी. चौथ्या महिन्यापासून आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती १८० दिवस रोज घ्यायची. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर गोळ्यांचे पाकीट फडताळात पडून राहू देऊ नका.

(पुढील भागात : बी-१२ आणि फोलेट यांची जोडी)