दुकान बंद झाले, नशेचे काय?

शुक्रवारची नमाज संपली की आमच्या मोहल्ल्यात मशिदीसमोरच्या पानटपरीवर गर्दी होते. आत नशेविरुद्धचा खुतबा ऐकून आलेली माणसे बाहेर येऊन खर्ऱ्याची पुडी उघडतात. एका जुम्याला त्या गर्दीत नववीतला एक मुलगा दिसला. आम्ही टपरीवाल्याला हटकले, "लहान मुलाला कशाला देतोस?" उत्तर मुलानेच दिले, "माझ्यासाठी नाही चाचा, अब्बांनी मागवलाय." आम्हाला पुढे बोलताच आले नाही.

अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो कोणासाठीही मागवलेला असो. म्हणजे कायदा आहे, तो मोडणारी टपरी आहे आणि मुलाच्या हाती पैसे देऊन त्याला तिथे पाठवणारे घरही आहे. दारू, तंबाखू, गांजा, एमडी यांवर बंदी असावी की ते उघड विकू द्यावे, हा वाद ऐकताना ही तिन्ही आमच्या डोळ्यांसमोर येतात.

चंद्रपूरचा अनुभव

बंदीला विरोध करणारे विदर्भातलेच उदाहरण देतात. महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. सहा वर्षांनी, मे 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले आणि महसूल बुडाला, अशी कारणे देण्यात आली. बंदी असली की विषारी दारू येते, त्यापेक्षा परवान्याची बरी, असेही सांगितले जाते.

या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा मुंबईत दारूबंदी नव्हती. परवान्याची दुकाने होती. तरीही मजुरी करणाऱ्याने स्वस्त मिळाली ती घेतली. दुकान उघडे ठेवल्याने गरिबाचा जीव वाचतोच, असे नाही.

शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती टिकून आहे. तिथेही चोरून दारू येते. पण डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्यासारख्यांनी गावोगावी लोकांना उभे केले. बंदीचा कागद निघाल्यावर काम संपले, असे त्यांनी मानले नाही. कायद्याला गावाने खांदा दिला नाही तर तो एकट्या पोलिसाच्या डोक्यावर पडतो. पोलिसाने डोळेझाक केली की संपला.

गुटख्याचेही तेच झाले. 2012 साली महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. व्यापाऱ्यांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत भरला. दोन्ही एकत्र करण्याचे काम तेवढे गिऱ्हाइकाकडे राहिले.

मदीनेतली तयारी

आपल्यासाठी दारू हराम आहे, हा प्रश्न मिटलेला आहे. पण तो हुकूम कसा आला, ते आपण विसरतो. आधी सूरह बकरामध्ये सांगितले गेले की, दारूत काही लाभ असला तरी तिचे पाप मोठे आहे. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली, तोवर मने तयार होती. हजरत अनस (रजि.) सांगतात की, ते लोकांना दारू वाढत असतानाच दवंडी ऐकू आली. त्यांना ती ओतून टाकायला सांगण्यात आले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. घरोघर झडती घ्यावी लागली नाही. अमेरिकेने 1920 मध्ये अमलात आणलेली दारूबंदी मात्र 1933 मध्ये मागे घ्यावी लागली.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हदीसमध्ये पिणाऱ्याबरोबरच दारू गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि तिची किंमत खाणारा यांनाही दोषी धरले आहे. पण वारंवार दारूच्या गुन्ह्यात आणल्या गेलेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शाप देणाऱ्याला अडवले. त्याचे अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, असे सांगितले. शिक्षा झाली, पण माणूस आपल्यातून तोडला गेला नाही.

म्हणून आमचे मत असे: नशेचा धंदा कायद्याने खुला होऊ नये. संविधानाचे 47 वे कलमही राज्याला दारूबंदीच्या दिशेनेच प्रयत्न करायला सांगते. पण कायद्याचा हात विकणाऱ्याच्या मानेवर असावा आणि व्यसनी माणसाला उपचार मिळावेत. अमली पदार्थांच्या कायद्यात तशी वाटही आहे. थोडासाच माल सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. पोरगा एमडीत अडकला की बदनामीच्या भीतीने घराची दारे लावून घेणाऱ्या आईबापांना हे ठाऊकच नसते.

घरी राहिलेले मत

भगिनींनो, एक अधिकार तुमच्या हाती आहे. गावातील 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर दारू दुकानासाठी मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पण आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. जी भगिनी त्या दिवशी घरी राहिली, तिचे मत उभ्या बाटलीच्याच उपयोगी पडते. आपल्यात कोणी पीत नाही, मग आपल्याला काय, असे म्हणून आपल्या किती खाला, किती भाभी घरी राहतात! शेजारणीचा नवरा पिऊन तिला मारतो, तेव्हा शेजारधर्म म्हणून तरी त्या रांगेत आपण उभे राहायला हवे.

आणि घरात? तंबाखू मकरूह की हराम, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. पण वडिलांची पुडी आणायला जाणारा मुलगा त्या मतभेदातून काही शिकत नाही. तो टपरीची वाट शिकतो.

पुढच्या जुम्याला त्या मुलाच्या अब्बांना भेटायचे आम्ही ठरवले आहे, रागावायला नाही. सोबत एक चिठ्ठी असेल. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक 1800-11-2356 आणि इतर नशांसाठी 14446. ही चिठ्ठी आपल्या मशिदीच्या फलकावरही लागली तर बरे होईल.