महजरावरील काजीचा शिक्का

वतनाच्या तंट्यांचे महजर संग्राहकांच्या हातीं वारंवार येतात. त्यांवर काजीचा फार्शी शिक्का दिसला कीं, तो निवाडा मुसलमानी धर्मशास्त्रानें झाला, असा समज सहज होतो. तो सरसकट खरा मानतां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

महजराची रचना पाहावी. आरंभीं तारीख, पुढें हाजिर मजालसींतील हुद्देदार, काजी, देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे-महाजन व बलुते यांचीं नांवें. नंतर दोन्ही पक्षांच्या तक्रीरी, मजालस सांगेल तें मान्य असल्याचा राजीनामा, साक्षी आणि निर्णय. हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेत. शपथ ज्याची त्याच्या धर्माप्रमाणें होई. हिंदु वतनदारांचा वाद रूढीवर व साक्षींवर तुटे; काजीचा शिक्का मजालसीच्या साक्षीस पक्केपणा देई. निर्णय टिके तो उभयतांच्या राजीनाम्यावर आणि शपथेच्या धाकावर.

हें तत्त्व दोन्ही धर्मांच्या मूळ ग्रंथांशीं जुळतें. कुराणाच्या चौथ्या सूरेंतील ३५ वी आयत नवराबायकोच्या कलहांत दोन्ही घराण्यांतून एकेक पंच नेमावयास सांगते. ४९ व्या सूरेंत भांडणाऱ्या दोन गटांत न्यायानें समेट करावा, अशी आज्ञा आहे. या समेटास ‘सुल्ह’ म्हणतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांत तीन पायऱ्या आहेत: प्रथम एकांतांत बोलावें, मग एकदोघे साक्षी न्यावे, शेवटीं मंडळीपुढें जावें. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत पौलानें भावाभावांचे वाद परक्या न्यायासनापुढें नेल्याबद्दल दोष दिला आहे.

पुढें सरकारी न्यायालयें आलीं आणि या मध्यस्थीची मर्यादा कायद्यानें आंखली. १८८० च्या काजी कायद्यानें काजी नेमतां येई, पण त्या नेमणुकीनें न्यायदानाचा अधिकार मिळत नसे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, दार-उल-कझाच्या निर्णयांस कायद्याचें बळ नाहीं, मात्र पक्षकारांनीं खुषीनें तें मानण्यास अडथळा नाहीं, असें ठरविलें. २०१७ सालीं त्याच न्यायालयानें, चर्चच्या न्यायासनानें दिलेली विवाहमुक्ति नागरी कायद्याची जागा घेत नाहीं, असा निर्णय दिला. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यांतही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तंट्यांत सामुदायिक मध्यस्थीस उभयपक्षांची पूर्वसंमती आवश्यक धरली आहे. मंडळ बदललें, तरी राजीनामा राहिलाच.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती. आळंदीच्या वाटेवरील विश्रांतवाडी, कळस, धानोरी या भागांतील जुन्या घरांत असा एखादा रुमाल निघाल्यास केवळ शिक्क्यासाठीं कागद कापूं नये. सुटा शिक्का काजीचें नांव सांगेल. पण कोण मजालसींत बसला, कोणीं नांगराची निशाणी केली, हरणारानें काय कबूल केलें, हें सांगणार नाहीं. प्रथम राजीनाम्याची ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, कागदांच्या जोडांवरील शिक्के पाहावे, निशाण्यांची नक्कल करावी. दोन धर्मांचे लोक एका जाजमावर बसून तंटा कसा मिटवीत, याचा पुरावा त्या ओळींत आहे. कागद कापला कीं तो कायमचा जातो.