बियाणे एक, पीक निराळे

पावसाळा लागला की कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांतून सांधेदुखीची गाऱ्हाणी ऐकू येतात. कुणी म्हणते, चिखलात वाकून लावणी केली म्हणून. कुणी म्हणते, वयच झाले. पण सगळी सांधेदुखी एका जातीची नसते. वयाने झिजलेला गुडघा कामाने दुखतो, विसाव्याने थांबतो. आमवाताचे उलटे असते. फजरच्या नमाजाला उठलेल्या बाईची बोटे वळत नाहीत, वजूसाठी तांब्या धरवत नाही. तासाभराने हात चालू लागले की बोटे मोकळी होतात. शरीराचे रक्षण करणारी फौजच इथे घरच्या सांध्यांवर चालून गेलेली असते.

ही फौज बिथरते का? याचा एक धागा जनुकांकडे, म्हणजे आईबापांकडून मिळालेल्या वारशाकडे जातो. आपले कोण आणि परके कोण हे शरीराला ओळखायला मदत करणाऱ्या ‘एचएलए’ जनुकांची काही रूपे आमवाताच्या रुग्णांत अधिक आढळतात. तरुणपणीच पाठीचा कणा ताठ करणाऱ्या ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’चे ‘एचएलए-बी२७’शी असलेले नाते १९७३ साली उघड झाले.

मग घराण्यात आहे म्हणजे आपल्याला होणारच का? तसे नाही. कर्जतच्या संशोधन केंद्राने ‘कर्जत-३’सारख्या भाताच्या जाती दिल्या. एकाच पोत्यातले बी दोन शेतांत पेरले तरी पीक सारखे येत नाही, हे इथला शेतकरी जाणतो. माणसाचेही तसेच. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल, तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण ब्रिटनमधल्या १९९३ सालच्या पाहणीत सुमारे १५ टक्केच भरले. ‘बी२७’ असलेली बहुतेक माणसे तर जन्मभर ठणठणीत राहतात. विडी-सिगारेटने मात्र आमवाताचा धोका वाढतो. तेव्हा आईची बोटे वाकडी आहेत म्हणून मुलीची सोयरीक मोडणे हा शुद्ध अन्याय आहे.

या रोगांचा अभ्यास आपल्या मातीतही झाला आहे. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवण गावात घरोघर पाहणी सुरू केली. ४०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंची दुखणी होती. आमवात दोनशेत साधारण एकाला. जनुकांचा शोध तर इथे व्हायलाच हवा. युरोपीय वंशाच्या रुग्णांत २००४ साली सापडलेला ‘पीटीपीएन२२’ जनुकातला एक बदल आपल्या लोकांत जवळजवळ दिसतच नाही. उसन्या नकाशावर आपली वाट कशी सापडणार?

म्हणून उद्या एखादी तरुण संशोधक दारात येऊन रक्ताचा नमुना मागू लागली, तर तिला हाकलू नका. नमुना कशासाठी, नाव गुप्त राहील ना, हे खुशाल विचारा. पटले तर द्या, न पटले तर नकार देण्याचा हक्क तुमचाच आहे. तिच्या कामाचे फळ कदाचित नातवंडांच्या पदरात पडेल.

आज दुखणाऱ्या माणसाने मात्र त्या फळाची वाट पाहू नये. सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मेथोट्रेक्झेटसारखी औषधे त्यांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत वेळेवर घेतली, तर सांधे वाकण्यापासून वाचू शकतात. ‘रक्तातच आहे, काय करणार’ म्हणून गप्प बसण्यात जाणारे महिने परत मिळत नाहीत. आणि हातावर पोट असलेल्या बाईचे हातच गेले, तर घराची चूल कशी पेटावी?