जीवसृष्टीची लिपी

मानवी शरीरात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तीत इन्सुलिन हे प्रथिन तयार होते. रक्तातील साखर पेशींच्या उपयोगी पडावी, हे त्याचे कार्य. काही मुलांच्या शरीरात ते तयार होईनासे होते. पूर्वी अशी मुले मधुमेहाने खंगून थोड्याच काळात मरण पावत. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो शहरी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन टोचण्यात आले आणि मरणाच्या दारी गेलेला तो मुलगा सावरला.

पुढे अनेक वर्षे हे औषध गुरे व डुकरे यांच्यापासूनच मिळवावे लागे. काही रोग्यांना ते मानवत नसे. मग मानवी इन्सुलिन आणावे कोठून?

या प्रश्नाचे उत्तर पेशीत दडलेले होते. सजीवांच्या पेशींत डीएनए नावाचे, पीळ घातलेल्या दुहेरी दोरासारखे अतिसूक्ष्म रेणू असतात. कोणते प्रथिन कसे घडवावे, याची आज्ञा त्यांवर जणू चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते. अशा एकेका आज्ञेस सामान्यतः जनुक म्हणतात. नवल असे, की माणूस, आम्रवृक्ष आणि जीवाणू या सर्वांची ही लिपी एकच आहे!

१९७३ मध्ये अमेरिकेतील स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी या ऐक्याचा उपयोग करून घेतला. जीवाणूच्या पेशीत डीएनएचे लहानसे कडे असते. त्यास प्लाझमिड म्हणतात. त्यांनी एका विकराने ते कडे कापले, त्यात दुसरीकडील जनुक ठेवला आणि दुसऱ्या विकराने सांधा जुळवला. असे कडे जीवाणूत शिरले, की जीवाणू ती परकी आज्ञाही पाळतो आणि एकाचे दोन होताना तिची प्रत पुढील पिढीस देतो. या विद्येस जनुकीय अभियांत्रिकी म्हणतात.

इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचे जनुक प्रयोगशाळेत रचून निरनिराळ्या जीवाणूंत घातले आणि तयार झालेल्या साखळ्या एकत्र जोडल्या. हे मानवी इन्सुलिन १९८२ पासून रोग्यांना मिळू लागले.

परंतु सृष्टीची लिपी बदलण्याचे सामर्थ्य हाती येताच शास्त्रज्ञ सावधही झाले. त्यांनी काही प्रयोग आपण होऊन थांबवले आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲसिलोमार येथे जमून सुरक्षिततेचे नियम ठरवले. सामर्थ्याला विवेकाची जोड मिळाली, तरच विज्ञान कल्याणकारी ठरते.