मांजराचं सर्टिफिकेट आणि खरा कायदा

‘भावनिक आधार देणारा प्राणी’ असं सर्टिफिकेट काढलं की मांजराला कोणी हात लावू शकत नाही, असं अनेकांना वाटतं. भिवंडीत सोसायटीच्या जिन्यावर मांजरावरून खटका उडाला की मालक इंटरनेटवर अशी सर्टिफिकेटं शोधू लागतो. पैसे भरण्याआधी हे वाचा.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. तिथे ‘फेअर हाउसिंग ॲक्ट’मुळे मानसिक आजार असलेल्या भाडेकरूला, इमारतीत प्राण्यांना मनाई असली तरी, असा प्राणी ठेवण्याची सवलत मागता येते. विमान कंपन्यांवर मात्र 11 जानेवारी 2021 पासून तिथेही असं बंधन उरलेलं नाही. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, या तिन्हींत असा दर्जाच नाही. त्यामुळे महापालिका असो वा सरकारी रुग्णालय, असा दाखला देण्याची सोयच नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र समजावून सांगायला उपयोगी पडतं, पण ते सोसायटीवर बंधनकारक नसतं.

मग मांजर सोडून द्यायचं का? मुळीच नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. पाळण्याचा हक्क सर्टिफिकेटवर अवलंबूनच नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये स्पष्ट केलं की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारे सोसायट्यांचे नियम बेकायदा ठरवले. याच न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये, कडक लॉकडाउनमध्ये, तीन मांजरांच्या मालकाला त्यांची बिस्किटं आणायला बाहेर पडण्याची मुभा दिली होती. हे निकाल महाराष्ट्रावर थेट बंधनकारक नाहीत, पण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे किंवा कोर्टात त्यांचा दाखला जरूर देता येतो. भाडेकरूंनी मात्र लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच मांजराचा उल्लेख करून घ्यावा. घरमालकाच्या संमतीला पर्याय नाही.

हक्क आहे म्हणून काहीही चालतं, असंही नाही. पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं असल्याचं 2025 मध्ये उघड झालं. दुर्गंधीने त्रासलेल्या शेजाऱ्यांची तक्रार रास्तच होती.

प्रवासातही सर्टिफिकेट चालत नाही. कल्याणहून गाडीने मांजर सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते. अकासा एअर ठरावीक वजनापर्यंत मांजर केबिनमध्ये घेते.

आणि आधाराचं काय? तो खरा आहे. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2019 च्या अभ्यासात, 10 मिनिटं मांजर-कुत्र्यांना कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. पण 10 मिनिटांचा हलकेपणा म्हणजे नैराश्यावरचा उपचार नव्हे. मांजर आलं म्हणून गोळ्या बंद करू नका.

सर्टिफिकेटचे पैसे मांजराच्या रेबीज लसीवर आणि नसबंदीवर खर्च करा. लसीकरणाचं कार्ड सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवा. आणि मन फारच जड झालं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर आजच फोन करा.