धारेचा पैरा करा, रंकाळ्याला सगळे चला

भाताची मळणी आटोपली, की घरोघरी कोल्हापूरला जायची टूम निघते. अंबाबाईचे दर्शन होते, पोरांची कापडे होतात, आणि चार वाजले, की सगळ्यांची एस.टी. स्टँडकडे धावपळ सुरू होते. कारण एकच. संध्याकाळची धार! नाही तर घरच्या लक्ष्मीला गुरांपाशी ठेवूनच बाकीची मंडळी निघालेली असतात. म्हणून रंकाळ्याची संध्याकाळ पुरुष आणि पोरे पाहून येतात, बाई मात्र गोठ्यातच राहते.

यावर तोड आपल्याच गावात आहे. भांगलणीला, लावणीला आपण पैरा करतो. तसा धारेचाही करावा. आज शेजारीण आपल्या म्हशीची धार काढील, पुढच्या आठवड्यात आपण तिच्या. पण म्हैस अनोळखी हाताला लवकर पान्हा सोडत नाही. तेव्हा जाण्याआधी दोन-तीन दिवस शेजारणीला आपल्याबरोबर धारेला बसवावे. वैरण, आंबोण काढून ठेवावे. मग घराला कुलूप लावून सगळ्यांनीच निघावे.

देवळाच्या महाद्वारातून बाहेर पडून पश्चिमेकडे चालत गेले, की पंधरा-वीस मिनिटांत रंकाळा लागतो. फार पूर्वी येथे दगडाची खाण होती आणि रंकभैरवावरून तळ्याला हे नाव पडले, असे सांगतात. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस दिसतो; तो १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. संध्यामठ तर पाण्यातच उभा आहे. पाणी चढले, की तो बुडतो आणि उतरले, की वर येतो.

तळ्याकाठच्या नंदीची गोष्ट आजीने नातवंडांना जरूर सांगावी. हा नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. तो पाण्यापाशी पोहोचला, की प्रलय होणार, अशी जुनी समजूत आहे. गहू लांब की तांदूळ, हा हिशेब पोरांनाच घालावा. शेतकऱ्याची पोरे ती, दाणे मोजल्याशिवाय राहायची नाहीत!

चालताना पुरा वळसा घालायचा हट्ट नको. म्हाताऱ्यांच्या चालीने चालावे, दमले तर कठड्यावर टेकावे. पोरांचा हात मात्र पाण्याजवळ सोडू नये. घरची भाकरी-चटणी असली तरी चौपाटीवरची भेळ एकदा सगळ्यांनी मिळून खावी. कागद, पिशव्या तळ्यात टाकू नयेत. जलपर्णीने आणि घाणीने या तळ्याला आधीच फार सोसावे लागले आहे.

आपल्या घरची बाई काही कमी चालत नाही. पण ते चालणे डोक्यावर वैरणीचा भारा किंवा कमरेवर घागर घेऊन असते. रिकाम्या हातांनी, सासू-सासरे, नवरा आणि लेकरांच्या बरोबरीने चालायला तिला कधी मिळते? अशा चालण्यात घरातल्या अडलेल्या गोष्टी आपोआप निघतात. थोरलीला पुढे शिकायचे आहे, सूनबाईला माहेरी जाऊन वर्ष झाले. चुलीपुढे जे बोलायला धजत नाही, ते पाण्याकडे बघत सहज बोलले जाते. ऐकणाऱ्यालाही त्या वेळी कुठे जायची घाई नसते.

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी. आणि शेजारणीसाठी भेळेचा एक पुडा विसरू नये. पुढच्या आठवड्यात तिची पाळी आहे!