स्वस्त तिकीट, महाग ट्रिप: इकॉनॉमीने पहिल्या सोर्सिंग ट्रिपला जाताना



कॅन्टन फेअरच्या व्हिडिओत आपण स्टॉल, बॅज, एमओक्यू, अ‍ॅडव्हान्स असं सगळं बोललो. एक विषय मी मुद्दाम लेखासाठी ठेवला होता. तिथे पोचायचं कसं, आणि पोचेपर्यंत आपली काय अवस्था झालेली असते?

पहिल्यांदा परदेशात माल बघायला निघालेला माणूस तिकीट काढताना एकच आकडा बघतो: वेबसाइटवर सगळ्यात वर दिसणारा, सगळ्यात कमी. हाच माणूस दुकानात माल भरताना हमाली, टेम्पो, तूटफूट सगळं धरून पडतळ काढतो. मग तिकिटाची पडतळ का नाही काढत?

आधीच सांगतो, इकॉनॉमीनेच जा. बिझनेस क्लासच्या फोटोंना भुलू नका. तिथलं भाडं इकॉनॉमीच्या तीन-चार पट सहज जातं, आणि त्या फरकात सुरुवातीच्या दुकानाचा एक रॅक भरतो. शिवाय इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, वरच्या क्लासवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. ट्रिप धंद्यासाठीच असेल आणि तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल, तर बुकिंग करतानाच आपला जीएसटी नंबर टाका. नंतर इनव्हॉइस एअरलाइनच्या साइटवरून वेगळं डाउनलोड करावं लागतं. ई-तिकीट म्हणजे टॅक्स इनव्हॉइस नव्हे. कंपोझिशनवाल्यांना हे क्रेडिट मिळत नाही. यावर तुमच्या सीएशी एकदा बोलून घ्या.

आता पडतळ. मुंबईहून ग्वांगझौला जाणारे बरेच जण बँकॉक, हाँगकाँग, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलतात. समजा, तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला ३६,००० रुपयांचा: जाऊन-येऊन एकच पीएनआर, बॅग आणि जेवण धरून, दुपारी पोचवणारा. दुसरा २७,००० चा: दोन लो-कॉस्ट कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं, फक्त ७ किलोची हँडबॅग, मधे नऊ तास थांबा, आणि पहाटे ३ ला लँडिंग. (आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.) नऊ हजार वाचले म्हणून आपण खूश. पण बॅग लागणारच. ती जाता-येता चारही फ्लाइटला वेगवेगळी भरायची, समजा प्रत्येकी १,८०० धरले तर ७,२००. थांब्यात एअरपोर्टवरचं खाणंपिणं १,२००. पहाटे मेट्रो बंद, म्हणून टॅक्सी १,५००. हॉटेलचं चेक-इन दुपारी, म्हणून एक रात्र जास्तीची, ३,०००. बेरीज केली तर २७,००० चं तिकीट ३९,९०० ला पडलं. म्हणजे 'महाग' तिकिटापेक्षा ३,९०० रुपये जास्त देऊन आपण नऊ तास बाकड्यावर बसलो.

प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. कधी लो-कॉस्टच खरोखर स्वस्त पडतं, विशेषतः दोघं-तिघं मिळून एकच बॅग नेत असाल तर. मुद्दा एवढाच की बेरीज करा, मग ठरवा.

दोन वेगवेगळ्या तिकिटांचा याहून मोठा धोका वेगळाच आहे. एकाच पीएनआरवर पहिलं विमान लेट झाल्यामुळे दुसरं चुकलं, तर तुम्हाला पुढे पोचवणं एअरलाइनच्या गळ्यात. तिकिटं वेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही 'नो शो', नवीन तिकीट काढा. बॅगही शेवटपर्यंत आपोआप जात नाही. मधल्या देशात इमिग्रेशन करून बाहेर यायचं, पट्ट्यावरून बॅग उचलायची आणि परत चेक-इन करायचं. म्हणजे त्या देशाचा व्हिसाचा नियमही तुम्हाला लागू झाला. आणि बँकॉकमध्ये तर एअरपोर्टच दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एक फ्लाइट इकडे उतरते, दुसरी तिकडून सुटते, आणि मधे बँकॉकचं ट्रॅफिक. तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड वाचा.

विमानात शेजाऱ्याशी गप्पा सुरू झाल्या की कळतं, त्याने आपल्यापेक्षा कमी पैसे दिलेत. चिडू नका. एकाच इकॉनॉमीच्या डब्यात दहा-बारा भाडी असतात, आणि तिकिटावरचं एक इंग्रजी अक्षर ते ठरवतं. आधी काढलं की कमी, आयत्या वेळी काढलं की जास्त. बदलता येणारं महाग, न बदलता येणारं स्वस्त. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये नवीन स्वस्त स्पर्धकांशी लढताना हा खेळ कॉम्प्युटरवर नीट बसवला आणि पुढे सगळ्या जगाने उचलला. (आमच्या ट्रेनिंग लाइनमधले सगळे याच कंपनीच्या सॅलडमधल्या ऑलिव्हची गोष्ट सांगतात. मला त्यापेक्षा हे भाड्याचं गणित जास्त कामाचं वाटतं.) विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य, जशी रात्री नऊला उरलेल्या कोथिंबिरीच्या जुडीची. पण भाजीवाला रात्री भाव पाडतो आणि एअरलाइन शेवटच्या दिवशी वाढवते. कारण आयत्या वेळी येणारा बहुतेक गरजू असतो, हे तिला माहीत आहे. फेअरच्या तारखा तर सगळ्या जगाला माहीत असतात: १९५७ पासून दरवर्षी वसंतात आणि शरदात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्यामुळे 'बघू, नंतर काढू' म्हणणाऱ्याला त्या आठवड्यांत स्वस्त सीट मिळायची आशा कमीच.

आता सीटवर बसू. इकॉनॉमीत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण २८ ते ३२ इंच असतं. दोन-तीन इंचांचा हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. उंच माणसाच्या गुडघ्यांना विचारा. विमानाच्या आतली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. आतला दाब ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर तासन् तास गुडघे दुमडून बसलेले असता, आणि हवेतली आर्द्रता असते १०-२० टक्के. घसा कोरडा, डोकं जड, पाय सुजलेले, हे सगळं त्यातूनच येतं. उपाय साधे आहेत: पाणी मागत राहा, दर तास-दीड तासाने उठून मागच्या किचनपर्यंत चक्कर मारा, बूट सैल करा. उठायला सोपं म्हणून मी आइल सीट घेतो. ज्याला खिडकीला डोकं टेकून झोप लागते त्याने खिडकी घ्यावी. शेवटच्या रांगा टॉयलेटजवळ असतात आणि तिथल्या काही सीट मागे झुकत नाहीत, फुकट मिळाल्या तरी टाळा. दारू फुकट आहे म्हणून पिणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. कंबरेचा किंवा शिरांचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग तिकीट.

मी हे एवढं का सांगतोय? कारण मुंबईहून रात्री निघालात की बँकॉकपर्यंत चारेक तास, मग थांबा, मग पुढे तीनेक तास. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्या शरीराचे साडेसहाच वाजलेले असतात. रात्रभर झोप नाही. अशा अवस्थेत माणूस थेट हॉलमध्ये जातो. समोर गोड बोलणारी सेल्सगर्ल, हातात कॅल्क्युलेटर. ती डॉलरमध्ये भाव दाखवते, हा मनात रुपये करतो. एका कार्टनमध्ये नग किती, कार्टनचं सीबीएम किती, भाव फॅक्टरीचा की पोर्टपर्यंतचा, हे विचारायचं राहून जातं. आणि तिथेच ३० टक्के अ‍ॅडव्हान्सची गोष्ट निघते. तीन लाखांच्या ऑर्डरवर हे ९०,००० झाले, तुमच्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट. चुकीच्या मालात अडकले तर ग्वांगझौहून परत आणणार कोण?

म्हणून माझा नियम: लँडिंगपासून पहिले २४ तास एक रुपयाही द्यायचा नाही, कशावरही सही करायची नाही. पहिला दिवस फक्त फिरायचं. प्रत्येक स्टॉलची पाटी, माल आणि विझिटिंग कार्ड एकाच फोटोत घ्यायचं, भाव वहीत लिहायचा. बोलणी दुसऱ्या दिवशी. दुपारी पोचवणारं तिकीट मी महाग असलं तरी का घेतो, ते यावरून कळेल. आंघोळ, जेवण, झोप, मग हॉल.

इकॉनॉमीचा एक फायदा मात्र बिझनेस क्लासला नाही. फेअरच्या दिवसांत या फ्लाइट व्यापाऱ्यांनी भरलेल्या असतात: मशीद बंदर, उल्हासनगर, राजकोट, सुरत. एका ट्रिपला माझ्या शेजारी राजकोटचे इमिटेशन ज्वेलरीवाले काका होते. त्यांनी मला विचारलं, "भाई, पहिली ऑर्डर किती लाखांची?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढ्यासाठी फेअर बघायला जा, ऑर्डर द्यायला यिवूला जा." फेअरमधल्या बऱ्याच फॅक्टऱ्या मोठ्या ऑर्डरचीच भाषा बोलतात, यिवूच्या होलसेल मार्केटमध्ये छोट्या दुकानदारालाही थोडे थोडे कार्टन मिळतात. एजंट कसा निवडायचा, तो सप्लायरकडूनही कमिशन खातो का हे कसं ओळखायचं, हे सगळं त्यांनी ट्रे परत जाईपर्यंत समजावलं. कानात हेडफोन घालून सिनेमा बघणाऱ्याला हे मिळत नाही.

ट्रेवरून आठवलं. शाकाहारी असाल तर जेवण बुकिंगच्या वेळीच किंवा निघायच्या दोन दिवस आधी नोंदवा. 'हिंदू मील' हे नाव वाचून टिक करू नका. एचएनएमएल या कोडच्या जेवणात मांस असतं, फक्त बीफ नसतं. भारतीय शाकाहारीसाठी एव्हीएमएल, जैनसाठी व्हीजेएमएल. लो-कॉस्टमध्ये यातलं काही धरलेलं नसतं, आधी पैसे भरा किंवा घरून ठेपले न्या.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते. पण चीनमध्ये ग्वांगझौ ते यिवू असा आतला विमानप्रवास करणार असाल तर २८ जून २०२५ पासून तिथला ३सी शिक्का नसलेली पॉवर बँक विमानात नेऊच देत नाहीत. ट्रेनने जा किंवा शिक्केवाली घ्या.

बॅग हरवते तेव्हा काय करायचं हे आधीच माहीत हवं. माझी एकदा आलीच नाही. पट्टा बंद झाला, काउंटरवरची मुलगी म्हणाली हॉटेलवर जा, फोन करू. मी पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याचा लेखी रिपोर्ट, हातात घेतल्याशिवाय हललो नाही. बॅग दोन दिवसांनी आली. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे तुटलेल्या बॅगची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर आहे, आजच्या दराने पावणेदोन ते दोन लाख रुपये. ही मर्यादा झाली, तेवढे मिळतातच असं नाही. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जपून ठेवा. पासपोर्ट, पैसे, औषधं, एक जोडी कपडे आणि बोलणीसाठी नेलेले आपले सॅम्पल हँडबॅगेतच.

येताना बॅग जड होते. कॅटलॉग हा कागद नाही, दगड आहे. तीन दिवसांत सात-आठ किलो सहज जमतात. फोटो काढा, क्यूआर स्कॅन करा, कागद तिथेच सोडा. तरी वजन वाढणार असेल तर जादा किलो ऑनलाइन आधी घ्या, काउंटरवर तेच बरंच महाग पडतं.

आणि मुंबईत उतरल्यावर कस्टम्स. प्रवाशाला जी ड्यूटी-फ्री सूट असते ती त्याच्या स्वतःच्या सामानाला आणि भेटवस्तूंना, विकायच्या मालाला नाही. वेगवेगळ्या डिझाइनचा एकेक नग घेऊन आलात आणि विचारल्यावर सप्लायरची पावती दाखवलीत तर बोलणं सरळ होतं. एकाच डिझाइनचे चाळीस नग बॅगेत निघाले की ते सॅम्पल राहत नाहीत, माल होतो. विचारण्याची वाट न बघता रेड चॅनलला जा, ड्यूटी असेल ती भरा, पावती फाइलला लावा. बाकीचे नग आयईसी नंबर आणि इनव्हॉइससकट कुरिअरने मागवा.